पाटावरचा कॉम्प्युटर

२ ऑक्टोबर २००६, सोमवार

दसरा. यंदा शिलाई मशीनच्या जागी कॉम्प्युटरची पूजा! लेकाने, निकेतने, पुण्याला नोकरीला जाताना हा मला देऊन टाकला त्याला दीड वर्ष झालं. तेव्हा माऊस धरताना हात कापायचा. आता सेक्टरमधल्या निम्म्या लग्नपत्रिका मी करते. मग माझं हत्यार हेच की!

मॉनिटर नुसता पुसला. कॉम्प्युटरचा तो उभा डबा मात्र गौरीच्या पाटावर आडवा निजवला – जाळीची बाजू वर. म्हणजे स्वस्तिक काढायला ऐसपैस जागा. गंध, फूल, आपट्याची पानं, आणि कुंकवात भिजवलेल्या अक्षता – चांगल्या मूठभर. हे म्हणाले, "पुरे गं, त्याला काय जेवायला घालतेस?" यांना कशाचंच सोयरसुतक नाही. संध्याकाळी डबा पुन्हा उभा केला, तारा लावल्या, सुरू झाला. बरं वाटलं.

समोरच्या दाराला कुलूप. पंचशीला वडिलांना घेऊन नागपूरला गेलीय. दीक्षेला पन्नास वर्षं झाली. कोंडिरामकाका छप्पन साली स्वतः तिथे होते, चोवीस वर्षांचे. दरवर्षी सोनं द्यायला पहिली मी समोर जाते. आज ते राहून गेलं.

४ ऑक्टोबर

डब्यातून कुरकुर आवाज येतोय. एक चापट मारली, थांबला. आपल्याकडे सगळ्यांना तेवढंच कळतं.

५ ऑक्टोबर, गुरुवार

आले नागपूरकर! काका दमलेत, पण चेहऱ्यावर तेज आहे. मला म्हणाले, "मंदाबाई, माणसाला माणूस लागत व्हतं तिथं!" त्यांची बोली परभणीची. चाळीस वर्षं इकडे काढली, तरी तशीच.

आता राहिलेली चार गाणी लवकर उरकायला हवीत. जूनपासून चाललंय – साडेसहाला पंचशीला कारखान्याच्या ऑफिसातून येते, काका आमच्या वेताच्या खुर्चीत बसतात, एकेक ओळ म्हणतात, ती टाइप करते. मी आत पोळ्या लाटत ऐकते. मलाही निम्मी पाठ झालीत. अडतीस झाली. सगळी काकांची स्वतःची, गावोगाव गायलेली, आणि कागदावर एकही नाही! "वही कशाला? गळा हाय की." आता गळाच साथ देत नाही. सहा डिसेंबरला दादरला त्यांचं पुस्तक निघायचंय. त्यांच्याकडे कॉम्प्युटर नाही, म्हणून सगळं माझ्याच कॉम्प्युटरवर. फोल्डरचं नाव 'बाबा'.

पहिल्या पानावर तिने लिहिलंय – ही गाणी मंदाताईंच्या घरात बसून लिहिली. काढून टाक गं, म्हणाले मी. पण मनातून आवडलं होतं.

८ ऑक्टोबर, रविवार

डोकं फिरलंय. उद्या सकाळी पत्रिका द्यायचीय आणि कॉम्प्युटर बंद!

पंचशीला दुपारी एकटीच आली, काका झोपले होते. पर्समधून एक सीडी काढली, घातली. मी विचारलं, कसली? नागपूरची का? तर नुसती हसली. "नंतर सांगते, गंमत आहे." दहा मिनिटं काहीतरी करत बसली. सीडी निघाली, आणि तेवढ्यात पडद्यावर हिरव्या रेघा. मग ठिपके. मग काळा! बंद करून सुरू केला तर अक्षरं ही एवढाली, ताटलीएवढे आयकॉन, रंग सगळे उडालेले.

मी ओरडले. सरळ लिहिते – दोन्ही दारं सताड उघडी होती आणि मी ओरडले. "कुठली तरी सीडी आणून घातलीस! बाटवलास ना माझा कॉम्प्युटर!"

ती उभी राहिली. सीडी पर्समध्ये ठेवली. चपला पायात घालायला तिला वेळ लागला.

एवढं काय लागायचं त्यात? आमच्याकडे मांजराने दुधाला तोंड लावलं तरी बाटवलं म्हणतात. नैवेद्याआधी पोराने लाडू उचलला तरी बाटवलाच. बोलायची पद्धत आहे. आणि नुकसान माझं झालंय, तिचं नाही.

९ ऑक्टोबर

पत्रिका स्टेशनजवळ दुसऱ्याकडून करून घेतली. नाक कापलं गेलं.

निकेतचा फोन. "आई, डिस्प्लेचा ड्रायव्हर गेला असेल." म्हटलं, कुठे गेला? हसला. पडद्यावर चित्र उमटवायचं काम ज्या प्रोग्रामचं, त्याला ड्रायव्हर म्हणतात. त्याने फोनवरून एकेक पायरी सांगितली – इथे उजवं बटण दाब, तिथे यादी उघड, पिवळं उद्गारचिन्ह दिसतंय का? दिसत होतं! ड्रॉवरमध्ये ड्रायव्हरची जुनी सीडी सापडली. जुना काढला, नवा घातला. रंग परत आले. मी फोनवरच टाळी वाजवली.

पंधरा मिनिटांनी पुन्हा रेघा.

जेवताना हे म्हणाले, "तो शब्द बरा नव्हता." कुठला? "तुला माहितेय कुठला." आणि भाकरी मोडत राहिले. यांच्याशी बोलण्यात अर्थ नाही.

१० ऑक्टोबर

साडेसहा वाजले. खुर्ची रिकामी. समोरचं दार बंद. दिवसा त्यांचं दार कधी बंद नसतं.

१२ ऑक्टोबर, गुरुवार

काल आणि परवा मिळून ड्रायव्हर चारदा घातला. निकेतने इंटरनेटवरून नवा उतरवून कुरियरने सीडी पाठवली, तोही घातला. ड्रायव्हर बसतो, गाडी नाक्यापर्यंत जाते, बंद पडते. सेफ मोडमध्ये – म्हणजे अगदी जुजबी चित्रावर – मात्र तास-तास चालतो. पण तिथे पत्रिका काय करणार? सोळा रंगांत गणपती निळा दिसतो.

आज शेवटी दुकानातल्या माणसाला बोलावलं. त्याने पाहिलं, मान हलवली. "आंटी, ड्रायव्हर बार-बार करप्ट हो रहा है. वायरस लगता है. फॉरमॅट मारना पडेगा." मी लगेच म्हटलं, बघा, सीडीतूनच आला! तो म्हणाला, "सब साफ हो जायेगा. कुछ रखना है क्या?"

माझ्या पत्रिका फ्लॉपीवर आहेत. माझं काहीच जाणार नव्हतं. पण समोर पडद्यावर ते पिवळं फोल्डर होतं – 'बाबा'. त्या ताटलीएवढ्या आयकॉनमध्ये तर न दिसायचा प्रश्नच नव्हता. त्याला नुसतं बोट दाखवायचं होतं. नाहीतर समोरचं दार वाजवायचं होतं, चार पावलं.

मनात आलं – मी का जाऊ? ती आली का चार दिवसांत? एवढीच काळजी असती तर आली असती.

"कुछ नहीं. कर दो."

"पक्का?"

"पक्का."

१३ ऑक्टोबर

सगळं कोरं. मराठी फॉन्ट गेले. अडतीस गाणी गेली. मी ती घालवली. चुकून नाही – दोनदा विचारल्यावर.

आणि बरोबर अठरा मिनिटांनी त्या हिरव्या रेघा आल्या.

म्हणजे व्हायरस नव्हताच. असता तर पुसला गेला असता, हे मलासुद्धा कळतं. मग सीडीने काय केलं होतं? आणि मी हे काय करून बसले?

यांना सांगितलं नाही. कुणालाच नाही.

१५ ऑक्टोबर, रविवार

दुकानवाला पुन्हा आला. आज त्याने डबा आडवा केला आणि स्क्रू काढून झाकण उघडलं. आत टॉर्च मारला. मग माझ्याकडे बघायला लागला.

"आंटी, ये क्या है? चावल?"

मी वाकून बघितलं. चित्राचं वेगळं कार्ड असतं आत – निकेतने गेमसाठी घातलेलं – त्याला बोटभर पंखा. त्या पंख्याच्या पात्यात आणि खालच्या फटींत लाल तांदूळ! कुंकू सुकून घट्ट चिकटलेले. पंखा फिरत नव्हता. कार्ड तापत होतं, तापलं की रेघा. सेफ मोडमध्ये त्याला काम कमी, म्हणून तेवढं तापत नव्हतं. ड्रायव्हर बिचारा पहिल्यापासून धडधाकट होता.

"पूजा किया था? ऐसे लिटाके?" तो हसायला लागला. चिमट्याने एकेक दाणा काढून माझ्या हातावर ठेवला. अकरा. एक आपट्याचं पान पण निघालं. हे दारात उभे होते. जेवायला घालतेस का, हे त्यांचं बोलणं दोघांनाही आठवलं असणार, पण ते काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

दुकानवाला गेल्यावर ही वही मागे चाळली. ४ ऑक्टोबर – डब्यातून कुरकुर आवाज येतोय. माझंच अक्षर. तेव्हा पंचशीला नागपुरात होती.

चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच.

१६ ऑक्टोबर

कॉम्प्युटर उत्तम चाललाय. चार तास झाले, एक रेघ नाही. मला त्याच्याकडे बघवत नाही.

दोनदा दारापर्यंत गेले. कडीला हात लावला आणि परत आले.

तो शब्द माझ्या तोंडात आला कुठून, हे आज भांडी घासताना आठवलं. सहा-सात वर्षांची असेन. आई खोतांच्या घरी भात झोडायला जायची, मी तिच्याबरोबर. तहान लागली म्हणून पडवीतल्या हंड्यात तांब्या बुडवला. खोतीणबाई धावत आल्या – "बाटवलंन् गो पाणी!" अख्खा हंडा अंगणात ओतला. आई त्यांची माफी मागत राहिली, आणि घरी जाईस्तोवर माझा हात तिने सोडला नाही. इतका घट्ट धरला की दुखत होता.

चाळीस वर्षं मला वाटत होतं, ते मी विसरले नाही. विसरले नव्हते तर तोच शब्द त्या पोरीला कसा दिला? आणि कधी? दीक्षेची पन्नास वर्षं साजरी करून आली त्याच आठवड्यात! धर्म बदलला त्यालाही आमच्या गावात 'बाटले'च म्हणायचे. हे माझ्या तेव्हा ध्यानातसुद्धा आलं नाही. उचलली जीभ, लावली टाळ्याला.

लाज वाटते. दुसरं काय लिहू?

१७ ऑक्टोबर

खाडीवरून मासे घेऊन येणारी सुगंधा कोळीण दोन दारांमध्ये टोपली ठेवून बसते. आज म्हणाली, "समोरची पोरगी घरान हाय, न् दार का उघडत न्हाय? तुमचा काय झगडा झाला काय?" म्हटलं, नाही गं. "मंग बोंबील कोनला देऊ? नेहमी दोघी वाटून घेता ना?" मी सगळे घेतले. सगळे घरात सडले असते, म्हणून यांनी तळायला लावले. गिळवले नाहीत.

१८ ऑक्टोबर, बुधवार

गेले. पंचशीलाने दार उघडलं. "या, मंदाताई." खुर्ची दिली, चहा टाकला. जशी कोणाही पाहुण्याला देते तशी.

आधी तांदळाचं सांगितलं. पाटावर निजवला, मूठभर अक्षता, अकरा दाणे. ती थोडीशी हसली. मलाही धीर आला. मग फॉरमॅटचं सांगितलं. त्याने दोनदा विचारलं, मी दोनदा नाही म्हणाले – हेही सांगितलं. लपवायचं ठरवून गेले होते, पण तिच्यासमोर बसल्यावर जमलं नाही.

हसू गेलं. तिने कप खाली ठेवला. मग उठली, बाबासाहेबांच्या फोटोमागून एक सीडी काढली आणि माझ्या हातात दिली. वर मार्करने लिहिलंय – 'बाबा – ३८'.

तीच सीडी! कोरी आणली होती तिने. दोन प्रती काढायच्या होत्या, एक त्यांच्याकडे ठेवायला, एक मला द्यायला. पहिली झाली आणि रेघा आल्या. गंमत म्हणाली होती ती ही. म्हणजे मी ज्या सीडीवर ओरडले, त्या सीडीत काकांची गाणी होती. माझ्या नावाचं ते पहिलं पानही.

"फाइलचं काही नाही, मंदाताई. फाइल आहे."

मी म्हटलं, "शीला, त्या दिवशी मी जो शब्द –"

तिने बोट ओठांवर ठेवलं. "हळू. बाबा आत आहेत. त्या दिवशी ते झोपले होते. त्यांनी ऐकलं नाही असं मी धरून चाललेय."

चहा संपवला. माफी मागायला गेले आणि अर्धीच मागून आले.

२१ ऑक्टोबर, शनिवार

लक्ष्मीपूजन. फराळाचा डबा समोर दिला. घेतला. यंदा कॉम्प्युटरला लांबूनच हळदकुंकू दाखवलं.

२३ ऑक्टोबर

डबा परत आला. रिकामा देऊ नये म्हणून आत साखर. रीत पाळली तिने. पूर्वी ती डबा परत देताना तासभर बसायची.

मी विचारलं, चार गाणी राहिलीत ना, येतेस का संध्याकाळी? फॉन्ट मी परत घातलेत. म्हणाली, "नको. स्टेशनजवळच्या सायबर कॅफेत बघते. बाबांना आता एवढं चालवत नाही."

एवढं म्हणजे किती? समोरासमोरची दारं! दोघींनाही माहीत होतं. मी हो हो म्हणाले.

५ नोव्हेंबर

जिन्यात पंचशीला भेटली. कॅफेत पोरं गेम खेळत आरडाओरडा करतात, काकांना दोन ओळींच्या वर म्हणवत नाही. घरी लिहून घेऊ म्हटलं, तर तिच्या हातात वही बघून ते गप्पच होतात – त्यांना सवय झालीय कळफलकाच्या आवाजाची. अजून चारची चारच. छापखान्याला वीस तारखेच्या आत द्यायचंय.

ती हे सगळं तक्रार म्हणून सांगत नव्हती. मी विचारलं म्हणून सांगितलं. माझी जीभ तेव्हा सैल सुटली होती, आज हलता हलेना.

१२ नोव्हेंबर

भिंतीतून काकांचा खोकला ऐकू येतो. पूर्वी गाणं ऐकू यायचं.

वेताची खुर्ची आहे तिथेच ठेवलीय. हे म्हणाले, आत टाकू का, पायात येते. नको म्हटलं.

१६ नोव्हेंबर, गुरुवार

आज साडेसहाला दार वाजलं. काका! एकटेच, काठी टेकत. त्यांच्यामागे त्यांचं दार उघडं आणि दारात पंचशीला. ती उंबऱ्याच्या अलीकडे आली नाही. त्यांना अडवलंही नाही.

आले ते सरळ खुर्चीत बसले. धाप लागली होती. "मंदाबाई, आज तुम्ही लिव्हा. म्या सांगतो." मी म्हटलं, काका, मला तेवढ्या भराभर येत नाही. "मलाबी भराभर गाता येत न्हाई आता. बसा."

बसले. त्यांनी डोळे मिटले आणि म्हणाले – आवाज अगदी बारीक, पण शब्द न् शब्द स्वच्छ –

बाटलो म्हणतं गाव, बरं झालं बाटलो,
माणूस म्हणून मलाच मी त्या दिवशी भेटलो.

माझे हात थांबले. काकांनी डोळे उघडले नाहीत. मी बोटाने शोधून एकेक अक्षर दाबलं. ब. काना. ट. ल. पडदा लख्ख होता, एक रेघ नव्हती.

"लिव्हलं का?"

"हो, काका."

"मग मोठ्यानं वाचा. दार उघडंच हाय."

मी वाचलं.